उसाच्या ट्रॉलीतली मगर

कारभारी आबांच्या हातात पेपर आला की बातम्या अंग धरायच्या. अंबडहून दुपारच्या एसटीनं अंकुशनगरला पेपर यायचा, तो बिचारा अगदी हडकुळा. काकासाहेबाच्या चहाच्या हॉटेलात बाकावर बसून आबा चष्मा चढवत, घसा साफ करत आणि वाचायला लागत. पेपरात छापलेलं असायचं, ‘जालन्याच्या मोंढ्यात मक्याची आवक वाढली.’ आबा वाचत, “जालन्याच्या मोंढ्यात एवढा मका आला, एवढा आला, की ढिगावर चढलेल्या हमालाला खाली उतरायची वाट सापडंना. त्यानं वरच बिऱ्हाड थाटलंय. बायको खालून दोरीनं डबा चढवती.”

“आबा, हमालाला लेकरंबाळं किती?” काकासाहेब चहा गाळता गाळता विचारायचा.

“ते उद्याच्या पेपरात येतंय.”

बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं की यातलं निम्मं पेपरात नाही आणि उरलेलं निम्मं जगातही नाही. म्हणूनच तर ते येत. कामावरून सुटलेली माणसं घरचा चहा सोडून इथला पांचट चहा पीत बसत. खरं मानणारी एकच होती, आबांच्या मांडीवर बसलेली त्यांची नात शिवकन्या. वय सहा, पहिलीत. वाचणं म्हणजे काय, हे तिनं तिथंच बघून ठरवून टाकलं होतं. कागद धरायचा, त्याच्याकडं डोळे वटारायचे आणि कागदापेक्षा भारी काहीतरी बोलायचं.

हे उघडकीला आलं ते होळी झाल्यावर. एक्क्याण्णव-ब्याण्णवचा गळीत हंगाम उतरणीला लागला होता. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेच्या सगुणाबाई एका संध्याकाळी आबांच्या क्वार्टरवर आल्या. आबांचा मुलगा भुजंग बॉयलरवर ड्यूटीला गेला होता. सून नंदाबाई चुलीपुढं होती. ती पदर सावरून बाहेर आली.

बाईंनी शिवकन्येच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं. पोरीनं धडाधडा धडा वाचला. कुठं अडली नाही, कुठं चुकली नाही. आबांनी छाती फुगवली.

“बघा. आमच्या टेंभुर्णी गावचं रक्त हाय. माझ्या चुलत्यानं पाळण्यात असतानाच पंचांग वाचून सोताचं बारसं पुढं ढकललं व्हतं.”

“आबा,” सगुणाबाई म्हणाल्या, “पुस्तक उलटं आहे.”

खरंच उलटं होतं. बाईंनी ते सुलटं केलं आणि एक न शिकवलेलं पान काढलं. त्यावर फक्त दोन शब्द होते, ‘घर बघ’. शिवकन्येनं पानाकडं डोळे वटारले, आजोबासारखाच घसा साफ केला आणि वाचलं, “कारखान्याच्या चिमणीवर अस्वल चढलं. त्याला खालून साखरेचा वास आला. ते म्हणलं, जल्दी पोतं आणा, न्हाईतर मी हितंच मुततो.”

आबांना हसू आवरेना. बाईही तोंडाला रुमाल लावून हसल्या. नंदाबाई मात्र हसली नाही.

“पोरगी हुशार आहे,” बाई म्हणाल्या. “एकदा ऐकलं की पाठ. पण वाचता येत नाही. एकेक अक्षर विचारलं तर सांगते. जोडायला लावलं की गोष्ट रचते. असंच राहिलं तर मला हिला पहिलीतच ठेवावी लागेल. एक मे रोजी निकाल आहे. त्याआधी मी पुन्हा एकदा बघेन.”

“पुन्यांदा पहिलीत?” नंदाबाईच्या हाताचं ओलं पीठ हातावरच वाळत चाललं होतं.

“मला तसं करायचं नाही, नंदाबाई. म्हणून तर घरी आले. घरी नुसता आवाज शिकवा. ‘क कमळाचा, म मगरीचा’ यातली कमळाचा, मगरीचा ही शेपटं छाटून टाका. एकेक आवाज धरायचा आणि एका श्वासात पुढच्याला जोडायचा. आणि आबा, तुम्ही पानावर नाही ते बोलायचं नाही. निकालापर्यंत तरी.”

आबांचा चेहरा असा झाला की जणू निकालापर्यंत जेवायचं नाही असं सांगितलं होतं.

बाई गेल्यावर नंदाबाईनं खुंटीला अडकवलेला आबांचा पेपर काढला आणि चुलीच्या सरपणात ठेवला. सासऱ्याला ती मामा म्हणायची आणि एरवी त्यांच्यापुढं आवाज चढवायची नाही.

“मामा, मला दोनदा पहिलीत ठिवलं व्हतं. दुसऱ्या वक्ताला बाप म्हणला, हिच्या डोक्यात न्हाई. पाटी काढून घेतली अन् खुरपं दिलं हातात. मला अक्षरं येत व्हती मामा. जोडता येत नव्हती. कुणी जोडून दावलीच न्हाईत. माझ्या पोरीच्या हातात मी खुरपं देणार न्हाई. तुमी गोष्टी सांगून राह्यले, अन् तिला वाटून राह्यलं हेच वाचणं. आता तुमीच निस्तरा.”

एवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आबा पोरीपुढं बसले आणि ‘कमळ’ लिहिलं.

“वाच.”

“कमळाचा मगरीचा बाळाचा.”

“शेपटं छाट.”

“कमळा मगरी बाळा.”

“आगं, बुडापासून छाट! नुसता आवाज.”

“क. म. ळ.”

“बराबर! आता जोड.”

शिवकन्येनं अक्षरांकडं बघितलं, मग आजोबाकडं बघितलं. “कारखाना,” ती ठासून म्हणाली. क दिसला होता ना, मग पुढचं बघायचं कशाला? आजोबा तरी कुठं बघत होते.

आठवडा असाच गेला. क दिसला की कारखाना, स दिसला की साखर, ब दिसला की बिबट्या. आबांनी डोक्याचा पटका काढून डोकं खाजवलं. काकासाहेबाच्या हॉटेलात ते खरा पेपर वाचू लागले होते, जसा छापलाय तसा. गिऱ्हाईकं जांभया देत. एक जण तर बाकावर झोपून खाली पडला.

“आबा, हमालाचं काय झालं सांगा की,” काकासाहेब काकुळतीला आला. “धंदा बसला माझा.”

“पेपरात न्हाई त्याचं काही,” आबा तोंड पाडून म्हणाले.

हॉटेलातून उठून ते कारखान्याच्या उसाच्या रांगेकडं गेले. आबांनी उभी उमर ट्रॅक्टर चालवला होता, मन लागेना झालं की ते तिकडंच फिरकत. काट्यावर वजनाला जायची वाट बघत ट्रॅक्टर उभे होते. प्रत्येकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, उसानं गच्च. रामराव ड्रायव्हर मागची ट्रॉली जोडत होता. ट्रॅक्टर मागं घेतला, दांडीत पिन टाकली, पुढं घेतला. मागची ट्रॉली पुढचीच्या मागोमाग मुकाट्यानं हलली.

आबा तिथंच उभे राहिले. मग असे पळाले, असे पळाले, की धोतराचा सोगा घरी त्यांच्यामागून पोचला म्हणतात.

त्या दिवसापासून शाळा सुटली की आजोबा आणि नात उसाच्या रांगेत. आबांच्या खिशात खडू. ट्रॉलीच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या पत्र्यावर, ते हातभर मोठं अक्षर काढत. एका ट्रॉलीवर ‘घ’, तिच्या मागच्या ट्रॉलीवर ‘र’.

“ह्यो घ. वढ त्याला. श्वास सोडू नको. श्वास म्हंजे पिन. पिन निघली की ट्रॉली ऱ्हायली मागं.”

शिवकन्या पहिल्या ट्रॉलीपाशी उभी राहून “घऽऽऽ” म्हणायची आणि श्वास न तोडता दुसरीकडं पळायची, “ऽऽऽर!” मध्ये दम सुटला की आबा ओरडत, “पिन पडली! मागं घे गाडी!” पोरगी “टर्रर्र” करत उलटी चालत पहिल्या अक्षरापाशी यायची.

“घऽऽर. घर. आबा, घर!”

“कुणाचं घर? अस्वलाचं?”

“न्हाई. नुसतं घर.” आणि स्वतःच दचकली. कुणी न सांगता, कुणाचं न ऐकता, फाळक्यावरून शब्द उतरून तिच्या तोंडात आला होता.

रांगेतल्या ड्रायव्हरांना चाळाच लागला. “आबा, आमाला कोणतं अक्षर?” म्हणून ते आपणहून फाळके पुसून ठेवत. रांग हलली, एखादा मध्ये घुसला की शब्द बदलायचा. ‘नळ’ होता तिथं ‘नथ’ यायची. एकदा रामरावाच्या ट्रॉलीवर ‘ढ’ आला. तो हातातली पिन घेऊनच खाली उतरला.

“आबा, हे पुसा. मास्तरानं मला ढ म्हणूनच काढलं व्हतं शाळेतून. आता बायकोच्या गावावरून ट्रॉली न्यायची हाय.”

“मंग काय देऊ?”

“काईबी द्या. ध द्या, ठ द्या. ढ बिलकुल न्हाई.”

म्हणून रामरावाला ‘ध’ मिळाला आणि पुढच्या ट्रॉलीवरच्या ‘व’बरोबर त्याचा ‘वध’ झाला. पण वध म्हणजे काय हे रामरावाला कुणी सांगितलं नाही.

काना आला, वेलांट्या आल्या, मात्रा आल्या. घरी नंदाबाई भाकरीच्या परातीत पीठ पसरून द्यायची. शिवकन्या बोटानं लिहायची, वाचायची, मग त्याच पिठाची भाकरी व्हायची. पोरगी जोडू लागली की नंदाबाईचेही ओठ हलत.

गाडी इथवर बरी चालली आणि मग रुतली. एके दिवशी शिवकन्येनं पुस्तकातलं अख्खं पान वाचलं. ‘कमल, नळ बघ. मदन, वर चढ.’ एकही अक्षर चुकली नाही. पान संपल्यावर तिनं उलटून बघितलं.

“मंग मदन वर चढला का?”

“पानावर न्हाई लिहेल.”

“वर काय व्हतं?”

“तेबी न्हाई लिहेल.”

“असली कसली गोष्ट?” तिनं पुस्तक मिटलं. “आबा, तुमी सांगता तीच चांगली. मला न्हाई वाचायचं.”

नंदाबाईनं चुलीपाशी मान वळवून सासऱ्याकडं बघितलं. आबांना त्या नजरेचं ओझं पोत्याएवढं वाटलं. पोरीचं म्हणणं खरं होतं. कुणाला सांगायचं, आबांनाही मदन आवडला नव्हता. वाचता येतं म्हणून कुणी वाचत नसतं. पुढं काय झालं ते कळावं म्हणून वाचतात. आणि आजवर पुढं काय झालं ते फुकट सांगणारा म्हातारा घरातच बसला होता.

म्हणून आबांनी ठरवलं, आता गोष्ट लिहायची. तोंडानं एक अक्षर सांगायचं नाही.

ज्या तोंडानं आजवर हत्ती उडवले त्याला कुलूप लागलं आणि खडू धरलेली बोटं घामेजली. सुरुवातीला त्यांनी पोरीच्या सवयीची, विनाकान्याची अक्षरं घेतली. तेव्हा त्यांना कळलं की काना-मात्रा काढून टाकल्या की मराठीत नुसते हुकूम सोडता येतात. मदन का वर चढत होता त्याचा उलगडा झाला. आबांनीही एका ट्रॉलीवर मगर आणली आणि तिला हुकूम सोडला, ‘मगर, चल. वर चढ. ऊस चघळ.’

“मगर ट्रॉलीत चढली?” शिवकन्येचे डोळे मोठे झाले. “कोन्च्या ट्रॉलीत? मंग?”

आबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुढच्या ट्रॉलीकडं दाखवलं. पोरगी पळाली.

रोज मगर पुढं सरकू लागली. काना-मात्रांसकट ती उसात लपली, ड्रायव्हरची भाकरी चोरून खाल्ली, ट्रॉलीत निजली. एक दिवस फाळक्यावर आलं, ‘ट्रॉली कारखान्यात निघाली. मगर उसातच आहे.’ ‘ट्रॉ’ आणि ‘न्या’ ही अवघड अक्षरं तेवढी आबांनी बोट ठेवून सांगितली. बाकीचं तिनं स्वतः ओढलं आणि पांढरीफटक पडली. कारखान्यात ऊस कुठं जातो हे वसाहतीतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. गव्हाणीत पडतो, तिथून चरकात, आणि चरकातून चोथा होऊन बाहेर येतो.

“आबा, मगर चरकात जाईन?”

आबांनी खडू खिशात टाकला.

“आई, आबांला सांगायला सांग!”

“मी काय सांगू,” नंदाबाई म्हणाली, “मलाबी कळलं न्हाई अजून.” आणि दुसऱ्या दिवशी धुणं टाकून ती लेकीबरोबर रांगेपाशी आली.

हंगाम संपत आला होता. रांग आखडली होती, बोटांवर मोजण्याएवढ्या ट्रॉल्या. शेवटी रामराव तेवढा उरला होता. त्याच्या मागच्या फाळक्यावर आबांनी गोष्टीचा शेवट लिहिला होता. शिवकन्या समोर उभी राहिली. पहिला शब्द झटक्यात वाचला, “मगर.” दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीला म दिसला आणि तिचा चेहराच बदलला.

“मेली,” ती म्हणाली. “मगर मेली.” आणि तिनं असा काही सूर लावला की काट्यावरचा माणूस वजन सोडून खिडकीत आला.

आबांच्या जिभेला काय यातना झाल्या असतील त्या त्यांनाच माहीत. एक शब्द सांगितला असता तर रडणं थांबलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही. नंदाबाईनं हात पुढं केला.

“मामा, नका सांगू.” मग ती पोरीपाशी उकिडवी बसली, पदरानं तिचं नाक पुसलं. “शिऊ, मेली असं लिहेल हाय का? का तुला वाटून राह्यलं?”

“म हाय तिथं.”

“म तर हाय. म्होरं काय जोडलंय ते बघ. पिन टाक.”

तेवढ्यात काट्यावरून हाक आली, “चला रामराव! नंबर तुमचा!” रामरावानं ट्रॅक्टर चालू केला, मागं वळून बघितलं आणि धाडकन बंद केला.

“काय झालं?”

“गाडी बंद पडली!” रामरावानं सीटवर आरामात मांडी घातली.

“आता तर चालू व्हती!”

“तवा चालू व्हती. आता बंद हाय. पोरगी वाचून राह्यली, गप बसा जरा!”

शिवकन्येनं हुंदका गिळला. फाळक्यावर बोट टेकवलं. “मऽऽ… माऽऽ… मागेऽ. मागे.” थांबली. मेली नव्हती, मागे होती! “सऽऽर… सरली. मगर मागे सरली.” आता तिचा आवाज चढत चालला. “आऽऽणि… आणि. नऽऽदी… नदीत. पऽऽ… पळाली! आबा, पळाली! मगर नदीत पळाली!”

ती उड्या मारू लागली. नंदाबाई उकिडवीच राहिली. तिचं बोट फाळक्यावर त्याच ओळीवरून हळूहळू फिरत होतं. रामरावाची गाडी आपोआप चालू झाली. कारखान्याचा भोंगा त्या दिवशी वेळेच्या आधीच वाजला आणि नदीपर्यंत ऐकू गेला असं सांगतात, पण ते सांगणारे कारभारी आबाच आहेत.

पुढं हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, चरक थांबले, आणि सगुणाबाईंनी शिवकन्येला वर्गात बोलावलं. आबा आणि नंदाबाई खिडकीबाहेर उभे. बाईंनी कुठल्याशा जुन्या मासिकातलं पान तिच्यापुढं ठेवलं. पोरीनं आधी पान सुलटं आहे का ते बघितलं.

“सुमन उठली. तिने…” तिथं ती थांबली. पुढचा शब्द ब-नं सुरू होत होता. खिडकीत आबांनी पटक्याचं टोक तोंडात कोंबलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. नंदाबाईचे ओठ हलले, आवाज मात्र आला नाही.

“बाऽऽ… दऽऽ… ली. बादली. तिने बादली घेतली. ती पाणी आणायला गेली.”

“पुढं?” बाईंनी विचारलं.

“पुढं न्हाई लिहेल.” शिवकन्येनं पानाकडं नाराजीनं बघितलं. “पर बाई, लिहिणाऱ्यानं तिथं बिबट्या घ्यायला पाहिजे व्हता.”

सगुणाबाई एवढ्या हसल्या की शेजारचा वर्ग दारात आला. मग त्यांनी खिडकीकडं बघितलं आणि म्हणाल्या, “नंदाबाई, दुसरीची पुस्तकं बघून ठेवा.”

नंदाबाईनं मान हलवली. पदर नीट नव्हता म्हणून तो नीट करत राहिली.

घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. पण तिघांना पोचायला दुपारची संध्याकाळ झाली. शिवकन्या दिसेल ते वाचत होती. पाण्याच्या टाकीवरचं वाचलं, बंद दुकानाच्या फळीवरचं वाचलं, एसटीच्या पाटीसाठी एसटी येईपर्यंत थांबली. नंदाबाईनं एकदाही चल म्हटलं नाही. कारखान्याच्या दारावरच्या कमानीखाली तर पोरीनं मान मागं टाकून ठाणच मांडलं.

“सऽह…काऽरी. साऽखर. काऽर…खाऽना.” मग पुढचा शब्द आला आणि ती अडली. “मऽ… आई, य-च्या डोक्यावर हे काय वाकडं बसलंय?”

नंदाबाईनं वर बघितलं. डोळे बारीक केले, ओठ हलवले, अक्षर ओढून बघितलं. तिचीही गाडी तिथंच अडली. शेजारी आबांना तो शब्द माहीत होता. त्यांच्या जिभेवर तो शब्द थुईथुई नाचत होता, आणि त्याच्यामागं एक वाघही तयार होता. पण त्यांनी खाली बघितलं आणि चप्पल नीट करू लागले.

“ते दुसरीत शिकवतेत,” नंदाबाई लेकीला म्हणाली. “आलं की मलाबी सांग.”